टायरची पुनर्प्रक्रिया : प्रमाणपत्र कंपनीला, काजळी कोणाला?

पर्यावरणाचा विषय निघाला की आपल्या वस्तीतला माणूस उठून जातो. हा मलबार हिलवरच्या लोकांचा विषय आहे, वाघ वाचवणाऱ्यांचा आणि झाडे मोजणाऱ्यांचा आहे, असे त्याला वाटते. त्याचे अगदीच चुकते असेही नाही. पर्यावरणाच्या नावाने आजवर बुलडोझर फिरला तो बहुतेक वेळा गरिबांच्याच झोपड्यांवर. परंतु या विषयाकडे पाठ फिरवल्यामुळे आपल्या माणसांचे काय होत आहे, याचे एक उदाहरण आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. ते उदाहरण आहे टायरचे.

जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात जुने टायर जाळून तेल काढणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. दोन स्त्रिया आणि दोन लहान मुले या स्फोटाने मरण पावली. कारखान्यात मुले काय करीत होती, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी एकदा अशा कारखान्यांच्या आवारात जाऊन यावे. मजूर तिथेच राबतो, तिथेच पत्र्याच्या खोलीत राहतो, तिथेच त्याची चूल आणि तिथेच त्याची पोरे. मुंबईच्या वर्तमानपत्रांत ही बातमी दोन-तीन दिवस आली आणि विरून गेली. पुढे परदेशी वृत्तसंस्थांनी शोध घेतला तेव्हा कळले की त्या कारखान्यात जे टायर जाळले जात होते ते युरोपातून आलेले होते. म्हणजे मोटार पळाली युरोपच्या रस्त्यावर, आणि तिच्या टायरने जीव घेतला वाडा तालुक्यातल्या मायलेकरांचा!

आता दुसरी बाजू पाहा. भारतातला टायर उद्योग आज भरभराटीत आहे. त्याची वार्षिक उलाढाल एक लाख कोटी रुपयांच्या घरात गेली आहे. २०२४-२५ या वर्षात २५ हजार कोटी रुपयांवर टायर निर्यात झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, म्हणजे मागणी आणखी वाढणार. या कंपन्यांचे वार्षिक अहवाल आता हिरव्या पानांनी सजवलेले असतात. सौर ऊर्जा किती, पाणी किती वाचवले, कारखान्याच्या आवारात झाडे किती लावली, सगळे आकड्यांनिशी दिलेले असते. हे सारे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. कारखान्यात पाणी वाचत असेल तर ते चांगलेच आहे. आमचा आक्षेप हिशेब कुठे थांबतो याला आहे. टायर कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला, गाडीला लागला, झिजला आणि भंगारात गेला, की कंपनीच्या अहवालातून तो नाहीसा होतो. मग तो जातो कुठे?

टायर हा असा पदार्थ आहे की जो मरत नाही. लोखंड वितळवून पुन्हा लोखंड होते, काच वितळवून पुन्हा काच होते. रबराचे तसे नाही. गंधक घालून रबर पक्के करण्याची कृती एकोणिसाव्या शतकात चार्ल्स गुडइयरने शोधली, आणि १८४४ साली तिचे पेटंट घेतले. त्या कृतीने रबराचे धागे एकमेकांत असे जखडले जातात की ते पुन्हा सहज सुटत नाहीत. टायरचा जो गुण रस्त्यावर कामाला येतो तोच भंगारात डोकेदुखी ठरतो. टायर पुरला तर कुजत नाही. उघड्यावर टाकला तर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेचे लोक वस्तीत येऊन पत्र्यावरचे टायर काढायला लावतात. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून टायर ठेवलेला असतो, हे त्यांना कोण सांगणार? पक्के छप्पर दिले असते तर टायर वर ठेवायची वेळच आली नसती.

या जुन्या टायरच्या बंदोबस्तासाठी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये नियम काढले. तत्त्व चांगले आहे. ज्याने टायर विकून नफा कमावला त्यानेच जुन्या टायरची जबाबदारी घ्यावी, असे ते तत्त्व. याला उत्पादकाची विस्तारित जबाबदारी म्हणतात. २०२०-२१ मध्ये जेवढे टायर बनवले किंवा आयात केले त्याच्या ३५ टक्क्यांएवढी पुनर्प्रक्रिया २०२२-२३ मध्ये, पुढच्या वर्षी ७० टक्के आणि २०२४-२५ पासून पूर्ण १०० टक्के, असे टप्पे ठरले. कंपनीने स्वतः टायर गोळा करायचे नाहीत. पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंद असते. तो अमुक टन टायरवर प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र तयार करतो आणि टायर कंपनी ते विकत घेते. झाले! कंपनीची जबाबदारी संपली. रबराचा भुगा केला तरी प्रमाणपत्र मिळते, जुन्या रबरापासून पुन्हा वापरायचे रबर केले तरी मिळते, आणि भट्टीत घालून तेल व काजळी काढली तरीही मिळते.

कागदावर प्रमाणपत्र बनवायला किती वेळ लागतो हे आपल्या देशात वेगळे सांगायला नको. प्लास्टिकच्या बाबतीत अशीच योजना आहे. तिच्यात २०२३ साली सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे सापडली आणि त्यात महाराष्ट्रातल्या कारखान्याचेही नाव निघाले. टायरचे प्रमाणपत्र तेवढे गंगाजलाने धुतलेले असेल, असे मानायला आम्ही तयार नाही. पण वादासाठी धरून चालू की सगळी प्रमाणपत्रे खरी आहेत. तरीही आमचा मूळ प्रश्न उरतोच. त्या प्रमाणपत्रावर टनांचा आकडा असतो. ते टन कोणी उचलले, कोणाच्या छातीत त्याची काजळी गेली, त्याला मजुरी किती मिळाली, यासाठी त्यात रकाना नाही.

ही भट्टी म्हणजे काय प्रकार असतो, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या शहरी वाचकांपैकी अनेकांनी ती पाहिलेली नाही. एक भलेमोठे लोखंडी पिंप असते. त्यात सात-आठ टन टायर मजूर हाताने कोंबतात. मग तोंड घट्ट बंद करतात आणि खालून जाळ लावतात. आत हवा नसल्यामुळे टायर पेटत नाही. चार-पाचशे अंश उष्णतेत रबर फुटून त्याची वाफ होते. ती वाफ नळीतून बाहेर काढून थंड केली की काळेकुट्ट तेल मिळते. हे तेल कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळणासाठी विकले जाते. पिंपाच्या तळाशी उरते ती काजळी, आणि त्या काजळीत गुंतलेले तारांचे जंजाळ. तेल विकून पैसा, तार भंगारात देऊन पैसा, काजळीचाही पैसा.

हे काम नीट करता येत नाही असे नाही. सतत चालणारी बंद यंत्रे आहेत, धूर धुऊन सोडण्याची साधने आहेत. पण त्याला भांडवल लागते. स्वस्तातली भट्टी घाणीच्या हिशेबाने चालते. एक घाणी निघाल्याशिवाय दुसरी भरता येत नाही. पिंप पूर्ण निवायला बराच वेळ लागतो आणि मालकाला घाई असते. आतला वायू गरम असतानाच तोंड उघडले की बाहेरची हवा आत शिरते आणि भडका उडतो. भट्टीवरचे स्फोट बहुधा असेच होतात. स्फोट नाही झाला तरी पिंप उघडल्यावर आतली काजळी ओढून काढायला माणूसच लागतो. ती काजळी पिठापेक्षा बारीक असते. तोंडाला फडके बांधून भागत नाही. अंगाला चिकटली की साबणाने जात नाही, अंथरुणात येते, भाकरीवर येते. जगण्यासाठी माणसाने असे काळे होऊन घरी यावे आणि त्याच्या जोरावर कुणीतरी वातानुकूलित सभागृहात हरित उद्योगाचा पुरस्कार घ्यावा, हा आजचा व्यवहार आहे.

असे कारखाने किती? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे जी माहिती ठेवली तिच्यानुसार १९ राज्यांत परवाना असलेले ६३७ कारखाने होते. त्यातले २५१ नियम पाळत होते, २७० पाळत नव्हते आणि ११६ बंद होते. म्हणजे चालू कारखान्यांपैकी निम्म्याहून जास्त नियम मोडणारे, आणि हे परवानाधारकांचे. बिनपरवाना भट्ट्या यात धरलेल्याच नाहीत. मार्च २०२५ मध्ये बीबीसीने एक शोध प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे पाच कोटी टायर निकामी होतात आणि त्यातले निम्म्याच्या आसपास भारतात पाठवले जातात, असे त्यात म्हटले होते. पत्रकारांनी टायरच्या मालात माग काढणारी यंत्रे लपवली. तिकडे कागदावर लिहिलेले होते की भारतात या टायरवर योग्य पुनर्प्रक्रिया होईल. प्रत्यक्षात माग निघाला तो काजळीने माखलेल्या भट्ट्यांच्या आवारापर्यंत. लक्षात घ्या, तेल आणि काजळी काढण्यासाठी जुने टायर आयात करायला भारताच्या २०२२ च्या नियमांनी बंदी केलेली आहे. बंदी आहे, बंदरे आहेत, सीमाशुल्काचे अधिकारी आहेत, आणि तरीही टायर वाड्यापर्यंत पोहोचतात. वाड्याच्या स्फोटानंतर जनसुनावणी झाली, मंत्र्यांनी कारवाईचे आश्वासन दिले आणि सात भट्ट्या बंद करण्यात आल्या असेही त्या बातमीत होते. चार जीव गेल्यावर सात भट्ट्या बंद होत असतील तर आधी त्या कुणाच्या मेहेरबानीने चालू होत्या, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

वाडा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायदा आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत. उद्योगांना सवलती दिल्या गेल्या तेव्हा आदिवासींना रोजगार मिळेल असे सांगितले गेले. रोजगार मिळाला तो हा असा! मुंबईच्या वेशीजवळ, महामार्गापासून हाकेच्या अंतरावर, पण मुंबईकरांच्या नजरेआड. घाण कुठे टाकायची हे या देशात गावकुसाच्या रचनेनेच ठरवून ठेवलेले आहे. गावाच्या खालच्या अंगाला, वारा जिकडून गावात येत नाही तिकडे, महारवाडा आणि मांगवाडा. मेलेले जनावर ओढायचे तेही त्यांनीच. आज गावकूस जागतिक झाले आहे. वरच्या अंगाला युरोप आहे आणि खालच्या अंगाला वाडा तालुका आहे.

यावर एक ठरलेले उत्तर येते. भट्ट्या बंद केल्या तर गरिबांचा रोजगार जाईल, तुम्ही गरिबांच्या पोटावर पाय देता, असे आम्हाला सुनावले जाते. हे उत्तर आपल्या समाजाला नवीन नाही. महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे आणि मृत मांस खाणे सोडा असे सांगितले, तेव्हा ‘केसरी’तून हिशेब मांडला गेला होता. कातडी, शिंगे, हाडे यांतून महारांना इतके उत्पन्न होते, ते सोडायला सांगून हा पुढारी त्यांचे नुकसान करतो आहे, असा त्या लेखनाचा सूर होता. धर्मांतरानंतर दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही आठवण मुद्दाम सांगितली. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या की, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. आजही हेच उत्तर लागू आहे. भट्टीतली काजळी ओढण्यात एवढे कल्याण असेल तर टायर कंपन्यांच्या संचालकांनी आपल्या मुलांना सुट्टीत महिनाभर तिथे पाठवावे.

आणि टायरच्या पुनर्वापराचे धडे तरी कोण कोणाला देते? ट्रकचा जुना टायर कापून त्याचा तळ लावलेली चप्पल आपल्या चर्मकार बांधवांनी रस्त्याच्या कडेला बसून पिढ्यान्‌पिढ्या बनवली. हमाल, गवंडी, शेतमजूर यांनी ती वर्षानुवर्षे वापरली. टायरच्या बादल्या आणि टोपल्या बांधकामावर चालतात. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत ‘टायर सेंटर’ असते, म्हणजे टायरच्या चाकांच्या बैलगाडीतून नवरा-बायको कारखान्यापर्यंत ऊस नेतात. गावाच्या फाट्यावरचा पंक्चरवाला, रिमोल्डिंगच्या दुकानातला पोरगा, भंगार गोळा करणारी बाई, हे सगळे टायरचे आयुष्य वाढवणारे लोक आहेत. यांत दलित आहेत, मुसलमान आहेत, भटके आहेत. शाश्वत विकास हा शब्द जन्माला येण्याच्या आधीपासून ते हे काम करीत आले. त्यांना कुणी प्रमाणपत्र दिले नाही. उलट महापालिकेची गाडी आली की पहिली त्यांचीच टपरी उचलली जाते. ट्रकच्या टायरवर नवा थर चढवून तो पुन्हा वापरणे हा खरे तर सर्वांत स्वस्त आणि कमी धुराचा मार्ग आहे. पण नियमात त्याचे फळ एवढेच की कंपनीची जबाबदारी एक वर्षाने पुढे ढकलली जाते. फाट्यावरच्या दुकानदाराला त्यात काय मिळते?

आता युरोपचा आणखी एक न्याय पाहा. जंगल तोडून पिकवलेला माल आपल्या बाजारात येऊ द्यायचा नाही, असा कायदा युरोपीय संघाने २०२३ मध्ये केला. रबर आणि टायर त्यात आहेत. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली, ती गोष्ट वेगळी. या कायद्यासाठी रबराचे झाड नेमके कुठल्या जमिनीवर आहे याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. केरळमधल्या लहान शेतकऱ्याच्या बागेचाही नकाशा काढावा लागतो. जंगल वाचले पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु ज्यांना झाडाचा पत्ता नकाशावर बोट ठेवून हवा असतो, त्यांना स्वतःच्या देशातून निघालेला टायर कुठल्या भट्टीत जळाला याचा पत्ता नको असतो. येताना चौकशी, जाताना डोळेझाक.

मोठ्या कारखान्यांच्या आत काय चालते, याकडेही आपण पाहिले पाहिजे. भांडुप, नाशिक, वाळूज, बुटीबोरी, चाकण या पट्ट्यांत टायर बनतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रबर उत्पादन उद्योगातले काम माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलेले आहे. म्हणजे याबद्दल पुरावा पुरेसा आहे, शंकेला जागा नाही. कायम कामगाराला निदान वैद्यकीय तपासणी मिळते, युनियन असते. कंत्राटी आणि ट्रेनी म्हणून भरलेल्या पोरांचे काय? काजळी आणि रसायने मिसळण्याच्या खात्यात कोण असते आणि ऑफिसात कोण असते, याची जातवार मोजणी कधी झाली नाही आणि कंपन्या ती होऊ देणारही नाहीत. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तुटलेला धागा जोडताना थुंकी लावावी लागे. बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रोखठोक मांडला होता. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे त्यांनी सांगितले. त्यातल्या एकाशीच लढणारे कामगार पुढारी आपण पुष्कळ पाहिले.

टायर उद्योगात सरकारी कंपनीही होती, हे आजच्या किती तरुणांना माहीत आहे? कलकत्त्याकडच्या इंचेक टायर्स आणि नॅशनल रबर या दोन बुडालेल्या कंपन्यांचे १९८४ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन टायर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी राहिली. सरकारी म्हटल्यावर तिथे आरक्षण होते. ती आजारी पडली आणि २००७ मध्ये तिची मालकी सोडण्यासाठी संसदेत कायदा झाला. आज हा सगळा उद्योग खासगी आहे आणि खासगी उद्योगात आरक्षण नाही. तेव्हा आपल्या माणसाला टायर उद्योगात हमखास जागा उरली ती भट्टीच्या तोंडाशी. तिथे मात्र कुणी गुणवत्तेची भाषा करीत नाही!

कायद्याचे संरक्षण तरी उरले आहे का? व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाने कायद्यात दुरुस्ती आणून कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला, ते वर्ष १९४६. पुढे १९४८ चा कारखाने कायदा आला आणि वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना समजला जाऊ लागला. केंद्राच्या नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात हा आकडा दहावरून वीस झाला. एका भट्टीवर किती माणसे असतात? दहा, बारा, फार तर पंधरा. म्हणजे ज्या ठिकाणी पिंप फुटून माणसे मरतात ते ठिकाण आता कारखान्याच्या व्याख्येतूनच निसटते. धोक्याचे काम असेल तर एक कामगार असला तरी अधिसूचना काढून संहिता लावण्याची सोय केंद्र सरकारपाशी आहे. टायरच्या भट्टीसाठी अशी अधिसूचना काढा, ही आपल्या खासदारांनी करायची पहिली मागणी आहे. संविधान हातात घेऊन फोटो काढणारे खासदार आता सर्वच पक्षांत आहेत, त्यांना हे काम जड जाऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण तिच्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. घातक व इतर कचऱ्याचे जे नियम २०१६ मध्ये झाले, ज्यांत दुरुस्ती करून टायरची प्रमाणपत्र योजना आली, त्याच नियमांत पाचवा नियम आहे. राज्याच्या कामगार विभागाने पुनर्प्रक्रियेच्या कामातील कामगारांना मान्यता द्यावी, त्यांची नोंदणी करावी, त्यांचे गट उभे करून त्यांना स्वतःचे प्रकल्प काढण्यास मदत करावी, त्यांना कौशल्याचे शिक्षण द्यावे आणि दरवर्षी त्यांच्या सुरक्षिततेची व आरोग्याची पाहणी करावी, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. उद्योग विभागाने त्यांच्यासाठी जागा राखून ठेवावी, असेही आहे. राज्याने यावर आराखडा करून केंद्राला दरवर्षी अहवाल द्यायचा आहे. कंपन्यांनी प्रमाणपत्राचा नियम उचलला, कारण त्यात व्यवहार आहे. पाचवा नियम कुणी उचलला नाही, कारण त्यात माणूस आहे आणि तो माणूस आपला आहे. आपणही तो उचलला नाही.

पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांनी १९९३ मध्ये आपली संघटना बांधली. त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. ओळखपत्र मिळवण्यापासून त्यांची लढाई सुरू झाली आणि पुढे त्यांच्याच सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम घेतले. त्यांचे सगळे प्रश्न सुटले असे नाही, कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी दरवेळी झगडावे लागते. पण कचऱ्यात राबणारा माणूस कायद्यासमोर नावानिशी उभा राहू शकतो, हे त्यांनी करून दाखवले. टायरच्या कामातल्या माणसांची अशी संघटना उभी करणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. भट्टीवरचा मजूर आज इथे तर उद्या तिथे असतो, अनेकदा परप्रांतातून आणलेला असतो आणि ठेकेदाराच्या उचलीत अडकलेला असतो. म्हणूनच सुरुवात नोंदणीपासून झाली पाहिजे. प्रमाणपत्राच्या पैशातला ठरावीक वाटा नोंदणीकृत कामगारांच्या आरोग्यासाठी राखला जावा आणि ज्या भट्टीकडे कामगारांची नोंद नाही तिच्या टनांना प्रमाणपत्र मिळू नये, ही मागणी त्यातूनच पुढे येईल.

जाता जाता आपल्या तरुणांना एक सांगायचे आहे. रास्ता रोको झाला की पहिला टायर पेटतो. राग समजू शकतो, पण तो काळा धूर मंत्रालयापर्यंत जात नाही. तो आपल्याच वस्तीतल्या दमेकरी म्हाताऱ्याच्या आणि पाळण्यातल्या पोराच्या छातीत जातो. आंदोलनाला धुराची गरज नाही, कागदाची आहे.

तेव्हा वाडा, भिवंडी, वाळूज, बुटीबोरी आणि जिथे जिथे टायरच्या भट्ट्या आहेत तिथल्या कार्यकर्त्यांनी या महिन्यात माहितीच्या अधिकाराचे दोन अर्ज टाकावेत. एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयात. तालुक्यात टायर प्रक्रियेच्या किती कारखान्यांना संमतिपत्र आहे, त्यांची मुदत कधी संपते, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली आणि तपासणी अहवालाची प्रत. दुसरा अर्ज सहायक कामगार आयुक्तांकडे. २०१६ च्या नियमांतील नियम ५ प्रमाणे या जिल्ह्यात पुनर्प्रक्रियेतील किती कामगारांची नोंदणी झाली आणि २०१६ पासून दरवर्षी आरोग्याची पाहणी कधी झाली. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवस दिले आहेत. जी उत्तरे येतील, आणि जी येणार नाहीत त्यांचीही नोंद, या स्तंभाकडे पाठवावी. आम्ही ती जिल्ह्याच्या नावानिशी छापू.